पुस्तक फोटोशॉप ७चे, कॉम्प्युटर आजचा: आता शिकायचे कसे?

“पुस्तकात सांगितलेला मेनू माझ्याकडे नाहीच.” “पुस्तकाप्रमाणे कंट्रोल-झेड दाबले आणि भलतेच झाले.” “मग जुने फोटोशॉपच मिळवून टाकू का?” घरच्या घरी फोटो एडिटिंग शिकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून या तीन ठिकाणी येतात. कारण उघड आहे. फोटोशॉप ७ आले २००२ साली आणि सीएस६ आले २०१२ साली. तालुक्याच्या गावातले डीटीपीचे क्लास, फोटो स्टुडिओ, फ्लेक्स छापणारी दुकाने या सगळ्यांनी त्याच दहा वर्षांत फोटोशॉप हाती घेतले आणि शिकवणाऱ्या पुस्तकांचा सुकाळही तेव्हाचाच. अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर ती आजही स्वस्तात हाती लागतात. कुणाला काकांच्या कपाटात सापडतात, कुणाला गावच्या वाचनालयात.

उत्तर आधीच सांगतो: पुस्तक रद्दीत घालू नका आणि त्याच्यासाठी जुने सॉफ्टवेअर शोधत वणवणही करू नका. अशा पुस्तकात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, कोणते बटण कुठे आहे. दुसरा, फोटोत काय बिघडले आहे आणि ते कशाने सुधारते. पहिला शिळा होतो, दुसरा फारसा होत नाही. लेयर फोटोशॉपमध्ये १९९४ पासून आहेत आणि लेव्हल्सच्या खिडकीतले काळे, करडे, पांढरे त्रिकोण आजही त्याच क्रमाने उभे आहेत. तेव्हा खरे काम आहे ते पुस्तकातला शिळा भाग ओळखून बाजूला काढण्याचे.

आधी पुस्तकाचे वय काढा

मुखपृष्ठावर आवृत्ती छापलेली असली तर प्रश्नच नाही. मुखपृष्ठ फाटलेले असेल किंवा नुसतेच “फोटोशॉप शिका” असे लिहिलेले असेल, तर आतली चित्रे आणि अनुक्रमणिका पाहा:

- हिस्टरी पॅलेटचा उल्लेखच नाही: पुस्तक १९९८च्या आधीचे. हे मात्र खुशाल बाजूला ठेवून द्या.
- हीलिंग ब्रश आहे, पण स्पॉट हीलिंग ब्रश नाही: फोटोशॉप ७ किंवा सीएस (२००२–०३).
- स्पॉट हीलिंग आहे, क्विक सिलेक्शन नाही: सीएस२ (२००५).
- क्विक सिलेक्शन आले: सीएस३ (२००७) किंवा नंतरचे.
- कंटेंट-अवेअर फिल आले: सीएस५ (२०१०) किंवा नंतरचे.
- चित्रांतला फोटोशॉप गडद करड्या रंगाचा दिसतो: सीएस६ (२०१२) किंवा नंतरचे.

पुस्तक गिम्प या मोफत सॉफ्टवेअरचे असेल आणि चित्रांत सगळे एकाच खिडकीत न दिसता टूलबॉक्स एकीकडे, फोटो दुसरीकडे असा विखुरलेला पसारा दिसत असेल, तर ते बहुधा २०१२ साली आलेल्या गिम्प २.८च्या आधीचे आहे. एक खिडकी करायची सोय त्या आवृत्तीपासून आली.

आवृत्ती कळली की ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. पुढे अडलात तर शोध घेताना हाच आकडा लागतो.

तीन वाटा

*पुस्तक आणि त्याच आवृत्तीचे सॉफ्टवेअर.* घरात मूळ सीडी आणि सीरियल नंबर असेल, विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर ही वाट सर्वात गुळगुळीत. पुस्तकातले चित्र आणि पडदा तंतोतंत जुळतो. फोटोशॉप ७ नव्या विंडोजवर बऱ्याचदा चालते, पण तशी हमी कुणी देत नाही. मॅकवाल्यांनी हा विचार सोडावा. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि जुन्या फोटोशॉपची वाट तिथेच अडते.

*पुस्तक आणि आजचे फोटोशॉप.* २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. स्टुडिओत, छपाईच्या दुकानात किंवा जाहिरात संस्थेत काम करायचे असेल तर शेवटी इथेच यावे लागते. मग पहिल्या दिवसापासूनच इथे शिकलेले बरे.

*पुस्तक आणि मोफत सॉफ्टवेअर.* हौशी माणसासाठी, विद्यार्थ्यासाठी आणि “आधी जमते का ते तर पाहू” म्हणणाऱ्यासाठी मी हीच वाट सुचवेन. इथे दोन नावे लक्षात ठेवा. फोटोपी हे ब्राउझरमध्ये उघडते, जाहिराती दाखवते, पण पैसे मागत नाही. त्याची मांडणी फोटोशॉपसारखीच आहे, त्यामुळे फोटोशॉपच्या जुन्या पुस्तकातले बरेचसे धडे तिथे जसेच्या तसे करता येतात. गिम्प हे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, तेही मोफत आणि मुक्त. मात्र त्याचे मेनू वेगळे आहेत. फोटोशॉपचे पुस्तक समोर ठेवून गिम्प शिकायला बसलात तर पहिले काही दिवस चिडचिड होईल. पुस्तक गिम्पचे असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी कशी वाचायची

पुस्तकात लिहिलेले असते: अमुक मेनू उघडा, तमुक निवडा, चौकटीत ३५ लिहा, ओके करा. नवशिका वाचक मेनू सापडला नाही की तिथेच थांबतो. थांबू नका. पायरी दोनदा वाचा आणि स्वतःला विचारा: या पायरीनंतर फोटोत काय बदलणार आहे? उजेड, रंग, आकार, एखादा भाग वेगळा निवडणे, की डाग पुसणे? फोटो एडिटिंगमधली बहुतेक प्रत्येक पायरी या पाचांपैकी एका खान्यात बसते. खाना कळला की आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम कुठे होते हे शोधणे सोपे.

शोधायलाही मेनू चाळत बसण्याची गरज नाही. फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीत कंट्रोल-एफ दाबा, गिम्पमध्ये तिरक्या रेघेची कळ दाबा. शोधाची चौकट उघडते. पुस्तकातले इंग्रजी नाव त्यात टाइप करा. साधन असेल तर समोर येईल, आणि नसेल तर तेवढे नक्की कळेल. (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन. पुढेही तसेच समजावे.)

पुस्तकातल्या आकड्यांबद्दल एक इशारा. “३५ लिहा” हे लेखकाच्या फोटोसाठी होते, आणि त्याचा फोटो बहुधा दोन-तीन मेगापिक्सेलचा होता. तुमच्या मोबाइलचा फोटो बारा, पन्नास मेगापिक्सेलचा असेल. ब्लर, शार्पन, फेदर, ब्रशचा आकार यांचे आकडे पिक्सेलमध्ये असतात, म्हणून पुस्तकातला “फेदर ५” तुमच्या फोटोत दिसणारही नाही. आकडा पुस्तकातल्या चित्रासारखा परिणाम दिसेपर्यंत वाढवा. लेव्हल्सचे ० ते २५५ हे मोजमाप तेवढे पिक्सेलवर अवलंबून नाही.

जिथे हमखास ठेच लागते

- कंट्रोल-झेड. जुन्या फोटोशॉपमध्ये ते फक्त शेवटची कृती मागे घेई. दुसऱ्यांदा दाबले की तीच कृती परत येई. आणखी मागे जायला ऑल्ट-कंट्रोल-झेड. २०१८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून कंट्रोल-झेड एकेक पाऊल मागे जात राहते. “आधी आणि नंतर” पाहण्यासाठी पुस्तक ते दोनदा दाबायला सांगत असेल तर आज दोन पायऱ्या गमवाल. जुनी सवय हवी असेल तर एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्सच्या चौकटीत जुन्या अनडूची खूण आहे.
- शिफ्ट धरून आकार बदलणे. पुस्तक सांगते, शिफ्ट धरा म्हणजे फोटोचे प्रमाण बिघडणार नाही. त्याच २०१८च्या बदलानंतर फोटोशॉपमध्ये हे उलटे झाले. आता न धरता प्रमाण टिकते आणि धरले की चेहरा चपटा होतो. प्रेफरन्सेसमध्ये जुनी पद्धत निवडता येते.
- क्रॉप. सीएस६पासून चौकट जागेवर राहते आणि फोटो तिच्याखाली सरकतो. पुस्तकात चौकट सरकते. क्रॉपच्या पट्टीवरच्या दातेरी चाकात क्लासिक मोड आहे. त्याच पट्टीवर “डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स” ही खूण काढून ठेवा, म्हणजे कापलेला भाग नंतर परत मिळतो.
- ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट. जुनी पुस्तके बजावतात की याला हात लावू नका. तेव्हा ते बरोबरच होते, कारण उजेड वाढवताना ढगांचा आणि पांढऱ्या सदऱ्याचा तपशील साफ उडायचा. सीएस३मध्ये याची चाल सुधारली. आज हलक्या हाताने वापरायला हरकत नाही, फक्त “यूझ लेगसी”वर खूण नको.
- जेपीजी सापडत नाही. लेयर असलेली फाइल “सेव्ह अ‍ॅज” केली की आजच्या फोटोशॉपमध्ये जेपीजी यादीत दिसतच नाही. “सेव्ह अ कॉपी” किंवा “एक्स्पोर्ट” घ्या. गिम्पमध्ये २.८पासून सेव्ह म्हणजे फक्त गिम्पची स्वतःची फाइल. जेपीजीसाठी एक्स्पोर्टच.
- एक्स्ट्रॅक्ट, व्हेरिएशन्स, इमेजरेडी. ही तिन्ही गेली. केस, झाडाची पाने यांसारख्या गुंतागुंतीच्या कडा वेगळ्या करायला आता “सिलेक्ट अँड मास्क” आहे, आणि रंगांची झाक बदलायला कलर बॅलन्स. पुस्तकात “रिफाइन एज” असेल तर तेही “सिलेक्ट अँड मास्क”मध्येच गेले आहे.

एक धडा शेवटपर्यंत: पिवळा पडलेला कृष्णधवल फोटो

जुन्या पुस्तकांत फोटो दुरुस्तीचे प्रकरण बहुधा असते आणि माझ्या मते तेच सर्वात जपण्यासारखे. आजी-आजोबांच्या लग्नाचा, डाग पडलेला, कोपरा मुडपलेला फोटो घ्या.

१. स्कॅन रंगीत करा. फोटो कृष्णधवल आहे म्हणून ग्रेस्केल निवडू नका. पिवळेपणा हा रंग आहे आणि त्या रंगाचा आपल्याला उपयोग करून घ्यायचा आहे. ६०० डीपीआय ठेवा. जुने पुस्तक ३०० सांगत असेल, कारण तेव्हा मेमरी आणि डिस्क तुटपुंजी होती. फाइल टिफमध्ये ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोला समांतर धरून टिपा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिच्या प्रतीवर काम.

२. चॅनेल पाहा. चॅनेल्सच्या खिडकीत लाल, हिरवा, निळा यांवर एकेक क्लिक करा. पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वात भडक दिसतील आणि लालमध्ये जवळजवळ विरतील. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो आणि लाल परत पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ.

३. लाल चॅनेलवरून कृष्णधवल बनवा. चॅनेल मिक्सरचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या, मोनोक्रोमवर खूण करा, लाल १००, बाकी दोन्ही शून्य. निम्मे डाग ब्रश न उचलताच जातात. फोटोशॉप ७मध्ये हे असेच होते आणि आजही असेच होते. गिम्पमध्ये मोनो मिक्सर वापरा. मात्र गिम्प ३.० (२०२५) येण्याआधी त्यात मूळ लेयर न बदलता असा परिणाम लावण्याची सोय नव्हती, म्हणून २.१० वापरत असाल तर लेयरची प्रत काढून तिच्यावर करा.

४. लेव्हल्स. विटलेल्या फोटोचा आलेख मध्येच गोळा झालेला असतो, दोन्ही टोके रिकामी. काळा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आणि पांढरा तो संपतो तिथपर्यंत आणा. ऑल्ट धरून त्रिकोण सरकवलात तर कुठला भाग ठार काळा किंवा कोरा पांढरा होतो आहे ते दिसते. काठपदराची नक्षी कोरी व्हायला लागली की थांबा.

५. डाग आणि चिरा. बारीक ठिपक्यांना हीलिंग ब्रश. पण कपाळ आणि केस, सदरा आणि पार्श्वभूमी अशी ठळक कड जवळ असेल तर हीलिंग ब्रश तिथला गडदपणा ओढून घाण करतो. तिथे क्लोन स्टॅम्प.

इथे जुन्या पुस्तकाचा आणि नव्या सॉफ्टवेअरचा फरक महत्त्वाचा ठरतो. फोटोशॉप ७च्या हीलिंग ब्रशला रिकाम्या लेयरवर काम करता येत नसे, म्हणून पुस्तक “बॅकग्राउंड लेयरची प्रत काढा” असे सांगते. आज प्रतीची गरज नाही. फोटोच्या लगेच वर, पण चॅनेल मिक्सर आणि लेव्हल्सच्या खाली, रिकामा लेयर घ्या आणि सॅम्पलच्या यादीत “करंट अँड बिलो” निवडा. चूक झाली तर तेवढाच ठिपका खोडता येतो. “ऑल लेयर्स” निवडू नका. वरच्या लेव्हल्सचा परिणाम त्या ठिपक्यात उतरतो आणि मग त्याच्यावर लेव्हल्स पुन्हा एकदा लागू होतात. दुरुस्त केलेला भाग डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे आणि “करंट अँड बिलो” नाही, त्यांनी ब्रश चालवताना वरच्या लेयरांचे डोळ्याचे चिन्ह बंद ठेवावे.

६. शार्पन सर्वात शेवटी, छापण्याचा आकार ठरल्यावर. अनशार्प मास्क: अमाउंट १००च्या आसपास, रेडियस १, थ्रेशोल्ड ३ इथून सुरुवात करा. गिम्पमध्ये अमाउंट टक्क्यांत नसतो, तिथे ०.५ म्हणजे निम्मा.

फाटलेल्या जागी चेहऱ्याचा भागच गेला असेल तर? आजचे फोटोशॉप २०२३ पासून जनरेटिव्ह फिलने डोळा, ओठ, काय हवे ते भरून देते. पार्श्वभूमीचा पडदा किंवा खुर्चीचा पाय भरायला ते झकास आहे. चेहऱ्यासाठी वापरू नये असे मला वाटते. तो डोळा आजोबांचा नसतो, आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटेल. त्याच माणसाचा दुसरा फोटो असेल तर त्यातून घ्या, नाहीतर फाटलेले तसेच राहू द्या.

कोणती प्रकरणे वाचायची, कोणती उलटून टाकायची

सिलेक्शन, लेयर, लेयर मास्क, लेव्हल्स, कर्व्हज, ब्लेंडिंग मोड, क्लोन-हीलिंग, रिझोल्यूशन: ही प्रकरणे पेन्सिल घेऊन वाचा. मास्कचे प्रकरण दोनदा. खोडरबराने खोडलेले परत येत नाही, मास्कने झाकलेले येते. हा फरक हाताला लागला की निम्मे शिक्षण झाले.

वेबसाइटसाठी फोटोचे तुकडे करणे, सीडीवर वेब गॅलरी, ज्वालांची आणि क्रोमची अक्षरे हे सगळे चाळून सोडा. छपाईचे प्रकरण तपासून घ्या. परदेशी पुस्तकाचे भाषांतर असेल तर सीएमवायकेची सेटिंग्ज तिकडच्या छापखान्यांची असतात. ती घालण्याआधी तुम्ही जिथे छापणार त्या प्रेसला विचारा. फोटो लॅबमध्ये साध्या प्रिंट काढायच्या असतील तर बहुतेक ठिकाणी आरजीबी जेपीजीच लागते, सीएमवायके करून नेण्याची गरज नसते.

जुने सॉफ्टवेअर, नवे फोटो

जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या तक्रारींची कारणे बहुधा यांतली असतात:

- आयफोनचा फोटो उघडत नाही: २०१७ पासून आयफोन हेइक प्रकारची फाइल बनवतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग “मोस्ट कम्पॅटिबल” निवडा. पुढचे फोटो जेपीजीत निघतील.
- नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडत नाही: फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो. त्यात कोणत्या जुन्या आवृत्तीशी जुळवायचे तेही निवडता येते.
- नेटवरून घेतलेली वेबपी फाइल उघडत नाही: फोटोशॉपनेच ती २०२२ पासून थेट स्वीकारली. आधी जेपीजीत बदलून घ्या.
- नव्या लॅपटॉपवर मेनू मुंगीएवढे दिसतात: प्रोग्रामच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे “सिस्टिम (एन्हान्स्ड)” करा.

फोटोवर मराठी अक्षरे

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत नसतोच. वाढदिवसाच्या फोटोवर “शुभेच्छा” लिहायला गेलात आणि वेलांटी भलत्याच अक्षरामागे गेली, जोडाक्षर फुटले, तर दोष तुमच्या टायपिंगचा नाही. सीएस५पर्यंतच्या साध्या आवृत्त्यांना युनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हती. म्हणूनच डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट वापरत, आणि जुनी मराठी पुस्तकेही तेच शिकवतात. त्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की अगम्य चिन्हे दिसतात.

सीसीच्या, म्हणजे वर्गणीवरच्या, आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर “मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन” हा पर्याय असतो. तो निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमधून “वर्ल्ड-रेडी” कंपोझर घ्या. अगदी नव्या आवृत्त्यांत हा खटाटोप बहुतेक लागत नाही. गिम्पमध्ये युनिकोड मराठी सरळ उमटते. जुन्याच आवृत्तीवर काम करायचे असेल तर फोटो तिथे तयार करा आणि अक्षरे गिम्पमध्ये घाला.

परवाना, पैसे आणि तुमचे हक्क

“क्लासवाल्याने पेनड्राइव्हवर फोटोशॉप दिले, चालेल का?” चालणार नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३-बीनुसार बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असूनही सॉफ्टवेअर वापरणे हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच दंड करू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच. शिवाय अशा प्रतींबरोबर येणारा “क्रॅक” हा व्हायरसचा आवडता रस्ता. मोफत साधने इतकी चांगली असताना ही जोखीम कशाला?

- सीएस२ फुकट झाले का? नाही. २०१२च्या डिसेंबरात अ‍ॅडोबीने त्याचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला आणि ज्यांनी ते आधी विकत घेतले होते त्यांच्यासाठी सर्व्हरविना चालणारी प्रत ठेवली. ती सर्वांसाठी असल्याची अफवा तेव्हापासून फिरते आहे.
- मूळ सीडी आहे, पण ती खराब होईल अशी भीती वाटते. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढण्याची मुभा त्याच कायद्याचे कलम ५२ देते. ती दुसऱ्याला वाटण्याची मुभा मात्र देत नाही.
- जुनी सीडी विकत घ्यावी का? विक्रेता परवाना तुमच्या नावावर कसा करणार ते आधी विचारा. नुसती चकती म्हणजे परवाना नव्हे.
- वर्गणी घेताना “वार्षिक, पण हप्ता दरमहा” आणि “खरोखर मासिक” या दोन योजना वेगळ्या आहेत हे पाहा. पहिली मध्येच सोडली तर शुल्क लागू शकते. मोफत चाचणीच्या शेवटच्या तारखेचा मोबाइलवर गजर लावून ठेवा आणि ऑटोपे मंजूर करताना रक्कम वाचा.
- क्लास लावताना फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: कोणती आवृत्ती शिकवणार, सॉफ्टवेअर परवान्याचे आहे का, मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याचे नियम काय. नव्या आवृत्तीची जाहिरात करून फोटोशॉप ७ शिकवले आणि पैसेही परत दिले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवा.
- सरावासाठी फोटो कुणाचे? स्वतः काढलेले सर्वात उत्तम. स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले कॉपीराइट, उलट करार केलेला नसेल तर, कलम १७नुसार तुमचे असते. तेव्हा स्वतःच्या लग्नाच्या फोटोंवर बिनधास्त हात साफ करा, फक्त स्टुडिओबरोबर काय लिहून दिले होते ते एकदा पाहा. नेटवरून उचललेल्या फोटोवर केलेला सराव घरातच राहू द्या.

पुस्तकाची सीडी हरवली असेल तर

लॅपटॉपला सीडीचा खाना नाही किंवा सीडीच गायब आहे, म्हणून धडे अडत नाहीत. पुस्तकातला फोटो नको असतो, त्याच दुखण्याचा फोटो हवा असतो. उजेडाविरुद्ध काढलेला एक, पिवळ्या बल्बखाली काढलेला एक, वाकडा आलेला एक, मागे विजेच्या तारा लोंबणारा एक आणि वर सांगितलेला जुना फोटो. मोबाइलमध्ये हे पाचही बहुधा आधीच आहेत.

सहावा धडा बहुतेक पुस्तकांत मिळणार नाही, पण घरात सर्वात आधी उपयोगी पडेल: पासपोर्ट आकाराचा फोटो. ३५ × ४५ मिलिमीटर, ३०० रिझोल्यूशन, म्हणजे ४१३ × ५३१ पिक्सेल. क्रॉपमध्ये हे आकडे भरा, पार्श्वभूमी निवडून पांढरी करा, मग ६ × ४ इंचाच्या, म्हणजे १८०० × १२०० पिक्सेलच्या कोऱ्या पानावर आडवे चार आणि उभे दोन असे आठ फोटो बसवा. क्रॉप, सिलेक्शन, मास्क, लेयरची प्रत आणि रिझोल्यूशन या सगळ्यांचा सराव एका बैठकीत होतो.

त्याच फोटोची छोटी प्रत भरतीच्या ऑनलाइन अर्जासाठी करा. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो साधारण २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मर्यादा असते. इतर अर्जांची वेगळी असू शकते, म्हणून त्या-त्या वेळची सूचना पाहा. आधी पिक्सेल बसवा आणि मगच जेपीजीची क्वालिटी कमी-जास्त करून केबी जुळवा. उलट क्रमाने गेलात तर चेहरा फुटतो आणि फाइल तरीही मोठीच राहते. पार्श्वभूमी बदला, उजेड सुधारा, पण चेहरा गुळगुळीत करू नका, कारण परीक्षा केंद्रावर हाच फोटो तुमच्या तोंडाशी ताडून पाहतात. आठ फोटोंचे पान लॅबमध्ये देताना “फिट टू पेज नको, आहे त्याच मापात काढा” असे सांगा आणि प्रिंट हातात आल्यावर पट्टीने मोजून घ्या.